फिजिओथेरपीचे शिक्षण : वर्गात काय शिकले, वॉर्डात काय शिकले

(युवक-युवतींच्या मार्गदर्शन शिबिरात फिजिओथेरपीच्या एका इंटर्न विद्यार्थिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या आधी बोललेल्या भाईंनी स्पर्धा परीक्षांची माहिती दिली. माझा विषय त्यामानाने छोटा आहे. मी फिजिओथेरपीची चार वर्षे पूर्ण केली आहेत आणि आता इंटर्नशिपचे शेवटचे दिवस चालू आहेत. हा अभ्यासक्रम काय असतो, त्याला प्रवेश कसा मिळतो, रुग्णालयात आम्हाला काय शिकवतात आणि आपल्या वस्त्यांना त्याचा काय उपयोग होतो, एवढे मी सांगणार आहे. समोर अकरावी-बारावीची मुले-मुली बसली आहेत. काहींच्या अम्मी-अब्बाही आले आहेत. त्यामुळे पैशाबद्दल बोलावे लागेल आणि "मुलगी परक्या पुरुषाला हात लावणार का?" या प्रश्नाबद्दलही बोलावे लागेल. सत्र संपल्यावर चहाच्या वेळी हळूच विचारला जाणारा हा प्रश्न आहे, म्हणून तो मी व्यासपीठावरच घेते.

आधी माझी पार्श्वभूमी सांगते. मी इचलकरंजीची. अब्बा यंत्रमागावर जॉबर आहेत, अम्मी शिवणकाम करते. दहावीपर्यंत माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. अकरावीला विज्ञान घेतले तेव्हा पहिले तीन महिने वर्गात शिक्षक काय बोलतात ते निम्मे कळायचे नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी हे विषय होते, सोबत नीटची तयारी. नीटचे गुण एमबीबीएसच्या शासकीय यादीपर्यंत पोहोचणारे नव्हते. घरात दुसऱ्या वर्षी परत परीक्षा द्यायची की नाही यावर चर्चा झाली. त्या वेळी महाविद्यालयातल्या एका बाईंनी मला फिजिओथेरपीच्या पर्यायाबद्दल सांगितले. तोपर्यंत मला एवढेच माहीत होते की हाड जुळल्यावर डॉक्टर "व्यायाम करा" म्हणतात.

आपल्याकडे बरेच जण या अभ्यासक्रमाकडे "एमबीबीएस नाही मिळाले म्हणून" येतात. मीही तशीच आले. पण आत आल्यावर कळते की हे वेगळेच शास्त्र आहे. डॉक्टर आजाराचे निदान करून औषध देतात किंवा शस्त्रक्रिया करतात. जीव वाचतो, हाड जुळते. त्यानंतर तो माणूस उठून संडासला स्वतः जाऊ शकतो का, मागावर उभा राहू शकतो का, मुलाला कडेवर घेऊ शकतो का, हा प्रश्न उरतो. तिथून आमचे काम सुरू होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अपंगत्व आणि कार्यक्षमता यांचे एक वर्गीकरण स्वीकारले. त्यात शरीराची रचना, माणसाच्या हालचाली, समाजातला त्याचा सहभाग आणि भोवतालची परिस्थिती हे सगळे एकत्र पाहायला सांगितले आहे. आमच्या प्रत्येक केसच्या कागदावर हे रकाने असतात. रुग्णाच्या घराला पायऱ्या किती, संडास कुठल्या प्रकारचा, कमावणारे कोण, हे आम्हाला लिहावे लागते. ते लिहिले नाही तर केस अपुरी समजतात.

या क्षेत्राचा थोडा इतिहास सांगते, कारण तो मुंबईशी जोडलेला आहे. १८९४ मध्ये इंग्लंडमध्ये चार परिचारिकांनी एकत्र येऊन या व्यवसायाची संघटना काढली. त्या काळी लंडनमध्ये मालिशच्या नावाखाली चालणाऱ्या गैरप्रकारांमुळे प्रामाणिकपणे काम करणाऱ्या बायकांचीही बदनामी होत होती. त्या घरी बसल्या नाहीत. त्यांनी नियम केले, परीक्षा ठेवली आणि आमचे काम वैद्यकीय आहे हे सिद्ध केले. पुढे पहिल्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांमुळे आणि नंतर पोलिओच्या साथींमुळे हे शास्त्र वाढत गेले. भारतात मुंबईत पोलिओने हातपाय गमावलेल्या मुलांची संख्या वाढली, तेव्हा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केईएम रुग्णालयात देशातली फिजिओथेरपीची पहिली शाळा सुरू झाली. भारत सरकार, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ती उभी केली. १९५५ मध्ये हाजी अलीजवळ पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था सुरू झाली. दर्ग्याला जाताना तुमच्यापैकी अनेक जण तिच्या दारावरून गेले असाल. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपला विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजारासाठी ही शाळा निघाली तो आजार गेला. पण अपघात, पक्षाघात, मधुमेह आणि म्हातारपण आहेच, त्यामुळे काम कमी झालेले नाही.

आता प्रवेशाबद्दल. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागते. महाराष्ट्रात नीट द्यावी लागते आणि राज्याच्या सीईटी कक्षामार्फत केंद्रीय फेऱ्यांतून जागा मिळते. पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची असते. काही अभिमत विद्यापीठांच्या जागा वेगळ्या असतात आणि त्यांची फीही वेगळी असते. मुंबईत केईएम, सायन आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांत हा अभ्यासक्रम आहे, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातही आहे. अशा ठिकाणच्या जागा कमी आहेत. बाकी बहुतेक महाविद्यालये खासगी आहेत. माझ्या बॅचला चार वर्षे अभ्यास आणि सहा महिने इंटर्नशिप अशी एकूण साडेचार वर्षे होती. केंद्राने २०२१ मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला. त्याखालच्या राष्ट्रीय आयोगाने २०२५ मध्ये नवा अभ्यासक्रम जाहीर केला असून त्यात इंटर्नशिप एक वर्षाची, म्हणजे एकूण पाच वर्षे धरली आहेत. म्हणून तुम्ही प्रवेश घ्याल त्या वर्षाचे माहितीपत्रक स्वतः वाचा. कुणा एजंटाच्या सांगण्यावर जाऊ नका.

पहिल्या वर्षी शरीररचना आणि शरीरक्रिया हे दोन मोठे विषय असतात. माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात हे आपण शाळेत पाठ करतो. इथे एक हाड हातात देतात आणि हे उजव्या बाजूचे की डाव्या, कुठल्या खाचेत कुठला स्नायू चिकटतो, त्याला कुठली नस जाते, हे विचारतात. प्रत्येक स्नायूची चार उत्तरे तोंडपाठ लागतात : सुरू कुठे होतो, संपतो कुठे, करतो काय, नस कुठली. शवविच्छेदनाच्या खोलीत पहिल्या दिवशी दोन मुली बाहेर आल्या होत्या. आठवड्यात सगळ्यांना सवय झाली. ज्या माणसाने मरणानंतर आपले शरीर आमच्या शिक्षणासाठी दिले त्याच्याशी आदराने वागायचे, खोलीत हसायचे नाही, फोटो काढायचा नाही, हे आमच्या शिक्षकांनी आधी शिकवले, पाठ नंतर सुरू केला.

मराठी माध्यमातल्या मुलांना एक सांगते. पहिले सहा महिने इंग्रजी शब्दांचे ओझे वाटते. मी एक दोनशे पानी वही केली होती. डावीकडे शब्द, उजवीकडे माझ्या मराठीत अर्थ. फ्लेक्शन म्हणजे वाकणे, एक्स्टेन्शन म्हणजे सरळ होणे, अबडक्शन म्हणजे अंगापासून दूर नेणे. वर्षअखेरीस वही भरली आणि तिची गरजही संपली. पुढे वॉर्डात हीच मराठी कामी आली. इंग्रजी शाळेतल्या मैत्रिणींना "पाय अंगापासून लांब न्या, गुडघा वाकवू नका" हे आजींना सांगताना अडायला व्हायचे. मला ते सोपे होते. खालांशी दखनीत बोलता येत होते, हा आणखी एक फायदा.

दुसऱ्या वर्षी हालचालीचे शास्त्र येते. ते बरेचसे फिजिक्सच आहे. तरफ, बल, गुरुत्वमध्य. पाण्याची घागर अंगाजवळ धरली तर कमरेवर भार कमी येतो, हात लांब करून धरली तर तोच भार कितीतरी पट होतो, हे गणित मांडून दाखवावे लागते. चालण्याचेही गणित आहे. एका पावलाच्या चक्रात साधारण ६० टक्के वेळ पाय जमिनीवर असतो आणि ४० टक्के हवेत. माणूस लंगडतो तेव्हा या चक्रात नेमके कुठे बिघडले, हे नजरेने ओळखायला शिकवतात. तेव्हापासून मला रस्त्यात लोकांची चाल पाहायची सवय लागली आहे.

त्याच वर्षी विजेवर चालणाऱ्या उपकरणांचा विषय असतो. वेदना कमी करणारे विद्युतप्रवाह, अल्ट्रासाउंड, खोलवर उष्णता देणारी यंत्रे. लोकांना वाटते "मशीन लावली" म्हणजे फिजिओथेरपी झाली. आम्हाला मशीन लावण्यापेक्षा मशीन कुणाला लावू नये हे जास्त शिकवले जाते. हृदयात पेसमेकर असलेल्याला, शरीरात धातूची पट्टी असलेल्याला, कर्करोगाच्या जागेवर, गरोदर बाईच्या पोटावर काय वर्ज्य आहे, हे तोंडी परीक्षेत हमखास विचारतात. शेक देण्याआधी दोन परीक्षानळ्या घ्यायच्या, एकीत गरम पाणी, एकीत गार. रुग्णाला डोळे मिटायला सांगून कुठली गरम ते विचारायचे. वर्षानुवर्षे मधुमेह असलेल्या माणसाच्या पायांना पुष्कळदा गरम-गार कळत नाही. त्याला न तपासता शेक दिला तर कातडी भाजते आणि त्याला पत्ताही लागत नाही. घरी गरम पाण्याची पिशवी लावणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या वर्षी मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग, मेंदूविकार, बालरोग, स्त्रीरोग, सामाजिक आरोग्य असे वैद्यकीय विषय येतात. सोबत मोजमाप शिकवतात. गोनिओमीटर नावाची एक साधी पट्टी असते, कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन हात जोडल्यासारखी. तिने सांधा किती अंश वाकतो ते मोजतात. स्नायूची ताकद शून्य ते पाच अशी लिहितात. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही. एक म्हणजे नुसती थरथर. दोन म्हणजे आधार दिल्यावर आडवी हालचाल. तीन म्हणजे स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येते. चार म्हणजे थोडा विरोध पेलतो. पाच म्हणजे पूर्ण. पक्षाघाताच्या रुग्णाचे नातेवाईक रोज विचारतात, "फरक है क्या?" स्नायूची नोंद एकवरून दोनवर गेली असेल तर डोळ्याला काहीच दिसत नाही, पण आम्हाला ती कागदावर दाखवता येते.

चौथ्या वर्षापासून बहुतेक वेळ रुग्णालयात जातो. सकाळी ओपीडी किंवा वॉर्ड, दुपारी वर्ग. इंटर्नशिपमध्ये पूर्ण दिवस रुग्णालयातच. पाळीपाळीने विभाग बदलतात : अस्थिरोग, मेंदूविकार, अतिदक्षता विभाग, भाजलेल्यांचा वॉर्ड, बालरोग, स्त्रीरोग आणि शेवटी ग्रामीण किंवा वस्तीतले केंद्र.

अतिदक्षता विभागात फिजिओथेरपिस्टचे काय काम, असे मलाही वाटायचे. पोटाचे मोठे ऑपरेशन झालेला माणूस दुखते म्हणून खोल श्वास घेत नाही आणि खोकत नाही. मग छातीत कफ साठतो आणि न्यूमोनियाचा धोका होतो. पोटावर उशी घट्ट धरून कसे खोकायचे, तीन चेंडूंच्या उपकरणातून हळू श्वास कसा ओढायचा, हे त्याला शिकवायचे आणि डॉक्टरांच्या संमतीने लवकरात लवकर बसवायचे, उभे करायचे. नळ्या सांभाळत, मॉनिटरवर नजर ठेवत पाच पावले चालवायला दोन माणसे आणि अर्धा तास लागतो.

भाजलेल्यांच्या वॉर्डात बहुतेक बायका असतात. स्टोव्हचा भडका, गॅसची गळती, आणि कधी कधी कुणी विचारत नाही असे कारण. तिथे पहिला धडा हा की रुग्णाला जी अवस्था आरामाची वाटते, त्याच अवस्थेत सांधा आखडतो. गळा भाजलेल्या बाईला उशी घेऊन मान खाली करून पडावेसे वाटते. तशी राहिली तर कातडी आवळत जाऊन हनुवटी छातीला चिकटते. म्हणून उशी काढून घ्यावी लागते. रोज थोडी थोडी मान ताणावी लागते. ती रडते, नातेवाईक चिडतात. हे आपण का करतो हे तिला पुन्हा पुन्हा समजावून सांगणे, तिने "थांब" म्हटले की थांबणे आणि तिने होकार दिला की परत सुरू करणे, हेही शिक्षणच आहे. त्याला वेगळा पेपर नसतो.

पक्षाघाताच्या रुग्णांबाबत घरच्यांसाठी एक सूचना सांगते. उठवताना लुळा पडलेला हात धरून ओढू नका. खांद्याचे स्नायू ढिले झालेले असतात, सांधा खाली सरकतो आणि मग आयुष्यभर दुखत राहतो. पाठीमागून, कमरेपाशी आधार द्या. ही एवढी गोष्ट प्रत्येक मोहल्ल्यात दोन जणांना माहीत असली तरी बरेच खांदे वाचतील.

अस्थिरोग विभागात दोन रुग्ण शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. दोघींचा गुडघा बदललेला. एक आजी वारकरी घरातल्या, त्यांना हरिपाठाला मांडी घालून बसायचे होते. दुसऱ्या खाला, त्यांना नमाज जमिनीवर पढायची होती. आमच्या पुस्तकातली उद्दिष्टे बहुतेक खुर्ची-कमोडच्या देशातली असतात. सपाट चालायला गुडघा सुमारे ६० अंश वाकला तरी पुरतो, जिन्याला ८०-९० लागतात, खुर्चीतून उठायला ९० च्या थोडे पुढे. उकिडवे बसायला १२० च्या बरेच पुढे जावे लागते आणि नमाजच्या बैठकीत गुडघा जवळजवळ पूर्ण मिटतो. बदललेला गुडघा बहुतेकदा ११० ते १२० च्या आसपास थांबतो, आणि जमिनीवर बसणे टाळा असेच सर्जन सांगतात. दोघींना खोटी आशा द्यायची नाही आणि नुसते "नाही" म्हणून निघूनही जायचे नाही. माझ्या वरिष्ठांनी दोघींच्या घरच्यांना बोलावले, अंश मोजून दाखवले आणि खुर्चीवर बसून काय काय करता येईल ते करून दाखवले. खाला म्हणाल्या, "कुर्सी पे तो मस्जिद में बूढ़े मर्द भी पढ़ते, हमारे को शरम किस बात की." आजींनीही मान हलवली. दोघींचा प्रश्न एकच होता आणि उत्तरही एकच.

आता तो प्रश्न. मुलगी पुरुष रुग्णाला हात लावणार का? हो, लावते. मुलगा स्त्री रुग्णाला तपासतो का? हो, तपासतो. पण हा हात कसा लावायचा हे आम्हाला शिकवलेले असते. आधी नाव सांगायचे. काय करणार आहे, का करणार आहे हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगायचे. परवानगी घ्यायची. जेवढा भाग तपासायचा तेवढाच उघडा करायचा, बाकी चादरीने झाकायचा. पडदा ओढायचा. स्त्री रुग्णाला पुरुष तपासत असेल तर सोबत एक बाई उभी असायला हवी. रुग्णाने नाही म्हटले तर नाही. परीक्षेत यावर गुण असतात. कुणी रुग्ण गैर वागला तर उपचार थांबवून वरिष्ठांना सांगायचे, हेही शिकवतात. माझ्या अब्बांनी प्रवेशाआधी हाच प्रश्न विचारला होता. मी त्यांना उत्तर दिले नाही, पहिल्या वर्षानंतर त्यांना विभागात घेऊन गेले. ते दोन तास बाकावर बसून पाहत होते. घरी येऊन अम्मीला म्हणाले, "सगळे कामच आहे, दुसरे काही नाही."

आणि या प्रश्नाची दुसरी बाजू पाहा. वस्तीतल्या केंद्रात माझी पाळी होती तेव्हा एक बाई आल्या. वय पस्तिशीच्या आत. तिसऱ्या बाळंतपणानंतर कंबर दुखायची आणि खोकला-शिंक आली की लघवी गळायची. तीन वर्षे त्यांनी कुणालाही सांगितले नव्हते. नमाजच्या वुजूचा प्रश्न, कपड्यांचा प्रश्न, लग्नसमारंभाला जाणे बंद. यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात. शिकायला सोपे, पण महिनोन्‌महिने नियमित करावे लागतात. हे दुखणे बाळंतपणानंतर अनेकींना होते आणि बहुतेकींना वाटते की बाईच्या नशिबी हे असतेच. त्या बाई मला म्हणाल्या की इथे मुलगी बसते असे कळले म्हणून आले. जे घर म्हणते की आमच्या सुनेला बाई डॉक्टरच पाहिजे, त्याच घराने आपल्या मुलीला शिकायला पाठवायला हवे. बाई फिजिओथेरपिस्ट कुणाच्या तरी घरातूनच येणार आहे.

आणखी एक रुग्ण सांगते, कारण तो माझ्याच गावासारख्या गावातला होता. यंत्रमाग कामगार, वय सत्तावीस-अठ्ठावीस, दोन महिने पाठदुखी. बारा तासांची पाळी, सतत उभे राहणे, मागावर वाकणे. त्यामुळे पाठ दुखणारच, असे सगळ्यांनी धरले होते. दोन ठिकाणी मशीन लावून झाले होते. आम्हाला काही प्रश्न सगळ्यांना विचारायला शिकवले आहे : रात्री झोपेतून उठवणारे दुखणे आहे का? वजन घटले का? ताप येतो का? पाय बधिर होतात का? लघवी-शौचावरचा ताबा गेला का? त्याला संध्याकाळी बारीक ताप येत होता आणि पँट ढिली झाली होती. माझ्या वरिष्ठांनी व्यायाम सुरूच केले नाहीत, त्याच दिवशी अस्थिरोग विभागात पाठवले. मणक्याचा क्षयरोग निघाला. क्षयरोगाची औषधे सरकारी केंद्रात मोफत मिळतात. उशीर झाला असता तर पाय लुळे पडण्याची भीती होती. काही महिन्यांनी तो पुन्हा आमच्याकडे आला, या वेळी ताकद वाढवण्यासाठी. आपला उपचार कुठे थांबतो आणि डॉक्टरांकडे कधी पाठवायचे, हे ज्याला कळत नाही त्याच्या हाती रुग्ण देऊ नये. सहा महिन्यांचा "डिप्लोमा" करून पाटी लावणारे असतात. त्यांच्यात आणि आमच्यात मुख्य फरक हाच आहे.

म्हणूनच नोंदणीला महत्त्व आहे. महाराष्ट्रात ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपीसाठी २००२ च्या कायद्यानुसार राज्य परिषद आहे. पदवी आणि इंटर्नशिप झाल्यावर तिथे नोंदणी करावी लागते. रुग्ण म्हणून तुम्हीही नोंदणी क्रमांक विचारू शकता. नावापुढे "डॉक्टर" लावावे की नाही, यावर देशभर वाद चालू आहे. मी एवढेच म्हणेन की समोरची व्यक्ती फिजिओथेरपिस्ट आहे हे रुग्णाला स्पष्ट कळले पाहिजे. त्यात कमीपणा वाटावा असे काही नाही.

आता पैसे. खासगी महाविद्यालयाची फी हातमाग-यंत्रमागाच्या घराला जड जाते. फीशिवाय वसतिगृह, मेस, पुस्तके, ॲप्रन, स्टेथोस्कोप, गोनिओमीटर, हातोडी असा खर्च असतो. पुस्तके आम्ही वरच्या वर्गातल्यांकडून निम्म्या किमतीत घेतली. बागवान, तांबोळी, अत्तार अशा कितीतरी मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. तुमची बिरादरी यादीत आहे का ते पाहा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर आणि जात वैधता प्रमाणपत्र ही कागदपत्रे अकरावीतच काढायला घ्या. वैधतेला महिने लागतात. आजोबांच्या शाळेचा दाखला शोधण्यात वर्ष गेलेली मुले मी पाहिली आहेत. २०२४ मध्ये राज्य शासनाने केंद्रीय फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत देण्याचा निर्णय घेतला. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर ही सवलत मिळत नाही. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे शैक्षणिक कर्जही असते. अर्ज करताना त्या वर्षाचे नियम कार्यालयात जाऊन विचारा.

महाविद्यालय निवडताना इमारत पाहू नका, रुग्णालय पाहा. स्वतःचे किंवा जोडलेले रुग्णालय किती खाटांचे आहे, ओपीडीत सकाळी दहा वाजता किती रुग्ण बसलेले असतात, अतिदक्षता विभागात विद्यार्थ्यांना जाऊ देतात का, हे तिथल्या मुलांना विचारा. रुग्ण नसलेल्या महाविद्यालयात चार वर्षे पुस्तकच वाचावे लागते आणि हात तयार होत नाहीत.

नोकरीबद्दल खरे सांगते. सुरुवातीचा पगार पाहून घरचे नाराज होतात. शासकीय पदे कमी आहेत. मोठ्या रुग्णालयात सुरुवातीची दोन-तीन वर्षे शिकण्याचीच असतात. पुढे पदव्युत्तर शिक्षण, स्वतःचे क्लिनिक, खेळाडूंसोबत काम, विशेष मुलांच्या शाळा, घरी जाऊन उपचार असे मार्ग उघडतात. झटपट पैसा हवा असेल तर हा अभ्यासक्रम घेऊ नका. माणसांशी बोलायला कंटाळा येत असेल तरीही घेऊ नका, कारण आमचा एक रुग्ण पाच मिनिटांत संपत नाही. तोच माणूस महिना-दोन महिने रोज अर्धा तास समोर असतो, आणि पहिल्या आठवड्यात त्याला फरक दिसत नाही. त्याने उद्या परत यावे एवढा विश्वास आपल्याला कमवावा लागतो.

शेवटी तीन कामे सांगते आणि थांबते. बारावीच्या मुलांनी आपल्या जवळच्या सरकारी किंवा धर्मादाय रुग्णालयातल्या फिजिओथेरपी विभागात परवानगी घेऊन एक सकाळ बसावे. आवडले की नाही ते दोन तासांत कळते. अम्मी-अब्बांनी मुलीसोबत स्वतः यावे आणि डोळ्यांनी पाहावे. आणि ज्यांना हे क्षेत्र घ्यायचे नाही त्यांनी घरातल्या एका माणसाचे दुखणे नीट विचारावे. दादीचा गुडघा, अब्बांची पाठ, भाभीचे बाळंतपणानंतरचे दुखणे. किती दिवसांपासून आहे, काय करता येत नाही, कुणाला दाखवले, हे लिहून आणा. जेवणाच्या सुट्टीनंतर मी आणि माझ्या दोन मैत्रिणी मागच्या खोलीत बसणार आहोत. तपासणीसाठी पडदा लावला आहे. या.